गिअर टाकताना हाताला नेमकं काय जाणवतं?

न्यूट्रलमधून तिसरा गिअर टाकायला अर्धा सेकंदही लागत नाही. पण तेवढ्यात तळहाताला तीन वेगळ्या गोष्टी एकामागून एक कळतात: आधी किंचित अडणं, मग मऊ पण ठाम दाब, आणि शेवटी खट्‌कन आत बसणं. चांगल्या गिअरबॉक्समध्ये या तिन्ही सुट्या सुट्या ओळखू येतात, वाईटात त्यांची खिचडी होते. म्हणून ‘गिअर स्मूथ पडतो’ हे कौतुक स्पोर्ट्स कारला अपुरं आहे. ज्या दांड्यातून काहीच कळत नाही तोही स्मूथच असतो, पण वळणाआधी घाईत गिअर उतरवताना तो बसला की नाही, हे त्यातून समजत नाही.

या तीन जाणिवा कुठून येतात ते कळलं की पुढचं बरंच सोपं होतं.

आजच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांची चाकं सरकत नाहीत. ती जोडी-जोडीने कायम एकमेकांत अडकलेली असतात आणि एकाच वेळी वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांडीवर, मोकळं फिरतं. गिअर टाकणं म्हणजे त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी बांधणं. हे काम स्लीव्ह नावाची कडी करते. दांडा हलला की रॉड सरकतो, रॉडवरचा फोर्क स्लीव्हला ढकलतो, आणि स्लीव्हच्या आतले दाते चाकाच्या बाजूला असलेल्या छोट्या डॉग दात्यांवर चढतात.

पहिलं अडणं रॉडचं. रॉडवर खाचा असतात आणि त्यांत स्प्रिंगने दाबलेली स्टीलची गोळी बसलेली असते. गिअर काढताना गोळीला खाचेबाहेर चढावं लागतं, नवा गिअर बसताना ती पुढच्या खाचेत उतरते. दांडा शेवटच्या काही मिलिमीटरांत आपणहून आत ओढला गेल्यासारखा वाटतो, तो या उतरण्यामुळे. खाचेचा उतार आणि स्प्रिंगचा जोर बदलून कारखान्यात हा खटका हवा तसा बसवता येतो. त्यामुळे आत साधाच गिअरबॉक्स असूनही एखाद्या गाडीचा खटका फार रुबाबदार वाटू शकतो.

मधला दाब सिंक्रोचा, म्हणजे चाक आणि शाफ्टचे वेग जुळवणाऱ्या यंत्रणेचा, आणि खरी मजा तिथेच आहे. स्लीव्ह सरकू लागली की ती आधी एका रिंगला चाकावरच्या निमुळत्या शंकूवर दाबते. दोन्हींचे वेग वेगळे असतात, म्हणून घर्षण होतं. त्या घर्षणाने रिंग किंचित वळते आणि तिचे दाते स्लीव्हच्या दात्यांसमोर आडवे येतात. जोवर वेगात फरक आहे तोवर रिंग स्लीव्हला पुढे जाऊच देत नाही. वेग जुळले की घर्षणाचा पीळ संपतो, रिंग बाजूला वळते आणि वाट मोकळी होते. हाताला जाणवणारा तो मऊ अडथळा म्हणजे बिघाड नव्हे, आत चाललेलं काम आहे. जास्त जोर लावला तर घर्षण वाढतं आणि वेग लवकर जुळतो. पण शून्य वेळात जुळत नाही. रिंग झिजलेली असेल तर ती अडवायचंच विसरते. स्लीव्ह वेग जुळण्याआधीच दात्यांवर जाऊन आदळते आणि खर्रऽऽ आवाज येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिंक्रो इंजिनाचा वेग जुळवत नाही. क्लच दाबलेला असताना इंजिन गिअरबॉक्सपासून सुटलेलं असतं. सिंक्रोला आवरायची असते ती क्लच प्लेट, क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा इनपुट शाफ्ट आणि त्याला जोडून फिरणारी चाकं. हे वजन किरकोळ वाटतं, पण खालच्या गिअरमध्ये त्याचा भार भरपूर वाढतो.

आकड्यांत पाहू. समजा पहिल्याचं गुणोत्तर (बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेरीला इनपुट शाफ्टच्या किती फेऱ्या) 3.3, दुसऱ्याचं 2.0, तिसऱ्याचं 1.4 आणि चौथ्याचं 1.1 आहे. पहिल्यात 6500 आरपीएमला दुसरा टाकला तर इनपुट शाफ्टला सुमारे 3940 वर यावं लागतं, म्हणजे 2560 ची घसरण. तिसऱ्यात त्याच 6500 ला चौथा टाकला तर शाफ्ट सुमारे 5110 वर येतो, घसरण जेमतेम 1390. सिंक्रोला जिरवावी लागणारी ऊर्जा या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोवर चौथ्याच्या जवळजवळ 3.4 पट ओझं पडतं. बहुतेक गाड्यांत आधी तक्रार दुसऱ्या गिअरची येते ती यामुळेच, आणि अनेक कंपन्या पहिल्या-दुसऱ्याला दोन किंवा तीन शंकूंचे सिंक्रो देऊन वरच्या गिअरांना एका शंकूवर भागवतात, तेही यामुळेच. शंकू वाढले की घर्षणाची जागा वाढते आणि तेवढंच काम कमी दाबात होतं.

रिंगचा पदार्थही हाताला कळतो. पितळी रिंग परवडते आणि गुळगुळीत चालते, पण सततच्या मारामारीत लवकर झिजते. कार्बनचं अस्तर असलेली रिंग उष्णता चांगली सोसते, मात्र काही गिअरबॉक्समध्ये गार असताना जरा खरखरीत लागते.

सिंक्रो मोटारीत पहिल्यांदा आणला तो कॅडिलॅकने, 1928 मध्ये. पुढे पोर्शने स्वतःची वेगळी रचना काढली: एका बाजूला चीर असलेली रिंग, जी घर्षणात ओढली गेली की आपणहून फुलते आणि पकड घट्ट करते. त्यांच्या 911 या स्पोर्ट्स कारमधला 915 गिअरबॉक्स याच पद्धतीचा. त्याची जाणीव अगदी वेगळी. दांडा हलका, प्रवास लांब, खटका पुसट. घाई केली की तो अडतो, आणि सतत घाई केली की दुसऱ्या गिअरची रिंग जाते. 1987 च्या मॉडेलपासून 911 ला जी50 गिअरबॉक्स मिळाला. त्यात आज सर्वत्र दिसणारा अडवणाऱ्या रिंगचा सिंक्रो आला आणि क्लचही वायरऐवजी हायड्रॉलिक झाला. एकच गाडी आणि एकच कंपनी असूनही दोन्हींना हाताची वेगळी सवय लागते. 915 ला एका चालीत हाणायचं नसतं. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून, दाब धरून त्याला स्वतःहून आत जाऊ द्यायचं असतं.

दांड्याचं गणित

आता ज्या गोष्टीवर सर्वाधिक पैसे खर्च होतात तिच्याकडे, म्हणजे दांड्याचा प्रवास कमी करणाऱ्या शॉर्ट शिफ्टरकडे. गिअरचा दांडा ही साधी तरफ आहे. समजा नॉबपासून (दांड्यावरच्या मुठीपासून) टेकूपर्यंत 200 मिमी आणि टेकूपासून खालच्या टोकापर्यंत 40 मिमी आहे. गुणोत्तर 5:1. खालचा रॉड 10 मिमी सरकवायला नॉब 50 मिमी हलवावा लागतो. शॉर्ट शिफ्टर बसवून खालचा भाग 56 मिमी केला, तर नॉबचा प्रवास सुमारे 36 मिमी होतो. 28 टक्के बचत! पण तरफ फुकट काही देत नाही. त्याच रॉडवर तेवढाच दाब आणायला हाताला आता 40 टक्के जास्त जोर लावावा लागतो. जोर पूर्वीइतकाच ठेवला तर सिंक्रोवरचा दाब कमी पडतो आणि तो वेग जुळवायला जास्त वेळ घेतो. हात लवकर पोचतो आणि दारात उभा राहतो.

शॉर्ट शिफ्टर वाईट असं म्हणायचं नाही. कारखान्याचा दांडा फारच लांब असेल तर फायदा नक्की जाणवतो. पण कमी प्रवास म्हणजे चांगली जाणीव हे समीकरण चुकीचं आहे. माझ्या मते 20-25 टक्क्यांपेक्षा जास्त कपात रस्त्यावरच्या गाडीत डोकेदुखीच ठरते, विशेषतः गिअरबॉक्स गार असताना.

त्यापेक्षा स्वस्त बदल नॉबचा. जड नॉब हातात घेतला की दांडा हलवायला थोडा आळस करतो, पण एकदा हलला की त्याचा वेग गोळीला खाचेवरून पार नेतो आणि सिंक्रोला शेवटचा धक्का देतो. होंडाने 2020 च्या सिव्हिक टाइप आर मध्ये अश्रूच्या आकाराच्या नॉबमध्ये 90 ग्रॅमचं वजन घातलं, ते याच हिशोबाने. मात्र वजनाचा अतिरेक केला तर वेग वाढवताना आणि सोडताना इंजिन झुलतं त्याबरोबर दांडाही झुलतो. खटक्याची स्प्रिंग थकलेली असेल तर गिअर सुटण्याची शक्यता वाढते.

दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये काय आहे, यावर मात्र नॉब किंवा शॉर्ट शिफ्टरहून कितीतरी जास्त अवलंबून असतं. इंजिन पुढे उभं, त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि त्याच्याच डोक्यावर दांडा, ही सर्वांत सरळ मांडणी. माझ्दा एमएक्स-5 आणि होंडा एस2000 यांचं नाव गिअरच्या बाबतीत आदराने घेतलं जातं त्याचं मोठं कारण हेच: हात आणि फोर्क यांच्यामध्ये लवचीक असं फारसं काही नाही. एमएक्स-5 मध्ये गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल एका कडक चौकटीने जोडलेले असतात, म्हणून जोर लागला तरी गिअरबॉक्स कमी डुलतो आणि दांडा जागेवर राहतो.

1997 ते 2019 च्या कॉर्व्हेटमध्ये वजनाचा तोल साधायला गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी गेला. दांडा गाडीच्या मध्यावर, गिअरबॉक्स दूर मागे, मध्ये लांब रॉड. इंजिन मध्यभागी किंवा आडवं बसवलेल्या गाड्यांत रॉडची वाट इतकी वाकडी होते की दोन केबल वापरतात. एक गिअरांची ओळ (पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशी) निवडायला, दुसरी गिअर टाकायला. केबल वेटोळ्यांतून जाते, प्रत्येक वळणावर घर्षण वाढतं, आणि ओढताना ती किंचित ताणली जाते. सिंक्रोचा मऊ दाब आणि शेवटचा खटका त्या ताणात विरघळतो. लोटसने एलिसच्या शेवटच्या वर्षांत दांड्याखालची यंत्रणा झाकण न लावता उघडीच ठेवली. दिसायला सुंदर आहेच, पण केबलवालाही गिअर घट्ट जोडणी आणि कमी ढिलाई ठेवली तर किती छान पडू शकतो याचा तो नमुना आहे.

जुन्या फेरारींची दांड्याभोवतीची उघडी धातूची जाळी मात्र फसवी आहे. दांडा खाचांतून जाताना धातूवर आपटून जो टण्‌ आवाज येतो तो गिअर बसल्याचा नव्हे, दांडा जाळीला लागल्याचा. त्या गाड्यांत तेल गार असताना दुसरा गिअर जड जातो, म्हणून काही मिनिटं पहिल्यातून थेट तिसऱ्यात जाण्याची पद्धत पडली.

चुकीची ओळ, महागडी चूक

न्यूट्रलमध्ये सोडलेला दांडा तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत येऊन उभा राहतो, कारण दोन्ही बाजूंनी स्प्रिंगा त्याला मधे आणतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाताने उजवीकडे ओढायची गरजच नसते. पकड सैल करून दांडा न्यूट्रलपर्यंत ढकलला की स्प्रिंग तो मधल्या ओळीत आणते, मग सरळ पुढे. मूठ आवळून तिरका फटका मारणारा कधी ना कधी पाचव्याच्या तोंडाशी अडकतो.

त्याहून वाईट चूक तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडण्याची. वरच्याच आकड्यांनी पाहा: तिसऱ्यात 7000 आरपीएमवर असताना दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला 10000 वर फिरवतात. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही. तो इंधन किंवा ठिणगी तोडतो. इथे इंजिन इंधनावर नाही, गाडीच्या वेगावर फिरत असतं. व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाहीत, पिस्टनला लागतात, आणि पुढचा खर्च इंजिन उघडल्यावरच कळतो. इंजिन-गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगमध्ये ढिलाई आली की जोरात वळताना ही चूक जास्त होते, कारण ओळ हाताखालून सरकलेली असते.

जुन्या काही स्पोर्ट्स गाड्यांत पहिला गिअर डावीकडे खाली असतो, म्हणजे दुसरा-तिसरा एका सरळ ओळीत येतात. युरोपातल्या पहिल्या बीएमडब्ल्यू एम3 मध्ये अशी मांडणी होती. ट्रॅकवर पहिला लागतो फक्त सुरुवातीला, दुसरा-तिसरा सतत. शहरात मात्र ती वैताग देते. 2012 च्या मॉडेलपासून 911 ला सात गिअरांचा मॅन्युअल मिळाला तेव्हा ओळींची गर्दी इतकी झाली की पाचव्या किंवा सहाव्यातून आल्याशिवाय सातवा पडू नये अशी कडी आत बसवावी लागली.

दोष बहुतेकदा गिअरबॉक्सबाहेर असतो

गिअर अडतो म्हटलं की लोक गिअरबॉक्स उघडायला निघतात. आधी तेल आणि क्लच बघायचा.

सिंक्रोला घर्षण हवं असतं, वंगणाला ते नको असतं. या भांडणात तेलाची निवड नाजूक ठरते. जीएल-5 दर्जाचं तेल डिफरन्शियलच्या प्रचंड दाबासाठी केलेलं. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं अनेक तेलांत पितळाला खातात, आणि रिंगची पकड निसरडी करतात. पितळी सिंक्रोच्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-4 लागतं. ‘5 म्हणजे 4 पेक्षा वरचं’ असं समजून ओतलेलं तेल थोड्याच दिवसांत खर्र आवाज सुरू करू शकतं. उलट ट्रेमेक कंपनीच्या टी-56 सारख्या दणकट गिअरबॉक्सला ऑटोमॅटिकचं पातळ तेल लागतं. त्यात जाड 75डब्ल्यू-90 घातलं तर तो सकाळी हट्ट करतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय तेच घाला, इथे स्वतःची हुशारी चालत नाही.

क्लच पूर्ण सुटत नसेल तर सिंक्रोला शाफ्टच नव्हे, इंजिनाचं ओढणंही आवरावं लागतं. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, तीन-चार सेकंद थांबून पुन्हा टाका. बंद असताना सहज आणि चालू असताना जड पडत असतील तर गुन्हेगार क्लच. ज्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नाही त्यांत एवढं थांबल्यावरही रिव्हर्स खरखरला तर निदान पक्कंच. कारणं क्रमाने: हायड्रॉलिकमध्ये शिरलेली हवा, गळणारा मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर, पेडलचा झिजलेला बुश (सांध्यातलं नळकांडं), आणि मग वाकडी क्लच प्लेट. क्लचचं फ्लुइड बहुधा ब्रेकचंच असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. दोन वर्षांनी बदललं तर पेडल आणि गिअर दोन्ही सुधारतात. काही बीएमडब्ल्यूंच्या क्लचच्या नळीत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय झटकन सोडला तरी क्लच सावकाश पकडू देतो. नवशिक्याचा धक्का त्याने वाचतो, सरावलेल्याला मात्र पायाखाली काहीतरी उशिरा घडतंय असं सतत वाटतं.

एकाच गिअरला, आणि फक्त घाईत टाकल्यावर खर्र येत असेल तर त्या गिअरची रिंग गेली. टाकलेला गिअर वेग सोडताना सुटून न्यूट्रलमध्ये येत असेल तर डॉग दाते गोलावलेत, खटक्याची स्प्रिंग मेलीय किंवा माउंटिंग फाटलंय. यांत सर्वांत स्वस्त माउंटिंग, म्हणून आधी ते. दांडा न्यूट्रलमध्येच बोटभर खुळखुळत असेल तर दांड्याखालचे प्लॅस्टिकचे बुश. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त फरक पडतो तो हे बुश बदलून. कडक नायलॉनचे किंवा पितळी बसवले तर दांडा आणखी नेमका होतो, बदल्यात गिअरबॉक्सची गुणगुण आत ऐकू येते.

एक दोष यंत्राचा नसून कॉम्प्युटरचा. अनेक नव्या गाड्यांत क्लच दाबून पाय उचलला तरी आरपीएम लगेच पडत नाही, क्षणभर वरच लटकतो. धुरातलं प्रदूषण आवाक्यात ठेवायला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) हळू मिटवलं जातं. त्यात इंजिनाला जोडलेलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, असेल तर आणखी उशीर. गिअर पटकन पडतो, पण क्लच सोडताना धक्का बसतो आणि दोष मात्र गिअरच्या माथी येतो.

गिअर उतरवताना रेस देण्याबद्दलही नीट समजून घ्यावं. क्लच दाबलेला ठेवून रेस दिली की इंजिनाचा वेग जुळतो. क्लच प्लेट वाचते, मागची चाकं झटका देत नाहीत. 2009 च्या निस्सान 370झेड पासून हे काम कॉम्प्युटरही करू लागला. पण सिंक्रोचं ओझं त्याने हलकं होत नाही, कारण तेव्हा शाफ्ट इंजिनापासून सुटलेला असतो. सिंक्रोला मदत करायची तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. सगळीकडे याची गरज नाही. गार गिअरबॉक्समध्ये तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना मात्र करून पाहा. दांडा जणू आपणहून आत जातो.

आणि गाडी चालत असताना हात दांड्यावर ठेवून बसू नये. हाताचं ते वजन फोर्कला फिरत्या स्लीव्हवर सतत घासत ठेवतं. फोर्कची टोकं झिजली की स्लीव्ह पूर्ण आत जात नाही, आणि मग गिअर सुटायला लागतो.